मुक्कामाची गाडी, गाडीतला मुक्काम

भंडारा जिल्ह्यात लाखनी मागे पडली की साकोलीपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग ५३ रात्री वेगळाच वाटतो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या अंधारात बुडालेल्या असतात आणि मध्येच एखाद्या ढाब्याच्या निळ्या-हिरव्या ट्यूबलाइटांचा झगमगाट दिसतो. साडेदहा-अकरानंतर त्या झगमगाटामागच्या मुरमाड पटांगणात एकेक ट्रक शिरू लागतो. क्लीनर आधी उडी मारून खाली उतरतो. मागे जाऊन गाडीच्या फळीवर थापा मारत तो 'आने दे, आने दे' करतो आणि चौदा चाकांचं ते धूड शेजारच्या गाडीपासून हातभर अंतरावर येऊन थांबतं. मग हातोडी निघते. प्रत्येक टायरवर एक ठोका. आवाज टणक आला तर हवा ठीक आहे, बोदा आला तर सकाळी पंक्चरवाल्याकडे जायचं. त्यानंतर चाकाखाली दगड सरकवायचा, डिझेलच्या टाकीचं कुलूप ओढून बघायचं, ताडपत्रीच्या दोऱ्या चाचपायच्या. एवढं झालं की ड्रायव्हर खाली उतरतो, हौदावर तोंड धुतो आणि खाटेवर बसून तडका डाळ मागवतो.

पटांगणात गाडी लावायचे पैसे कुणी मागत नाही. खाटेचं भाडं नाही, हौदावरच्या आंघोळीचंही नाही. जेवण मात्र इथेच करायचं आणि सकाळचा चहाही इथेच घ्यायचा, हा करार कुठे लिहिलेला नसला तरी दोन्ही बाजूंना पाठ आहे. जेवण दुसरीकडे उरकून फक्त झोपायला आलेल्या गाडीला ढाबेवाला हाकलत नाही. तिला पटांगणाच्या कोपऱ्यातली जागा दाखवली जाते, जिथे उजेड पोचत नाही आणि राखणीच्या पोराची नजरही.

हाच करार अमेरिकेत थोड्या वेगळ्या वेषात चालतो. तिथे हजारो कुटुंबं, त्यातही निवृत्त जोडपी, चाकांवरचं घर घेऊन महिनोन्‌महिने फिरतात. अशा गाडीला तिथे आरव्ही म्हणतात. आपल्याकडे कॅरॅव्हॅन हा शब्द रुळतो आहे. त्यांच्यासाठी वीज-पाण्याची सोय असलेले खास तळ आहेत, पण त्यांना पैसे पडतात. म्हणून लांबच्या पल्ल्यात एखादीच रात्र काढायची असली की ही मंडळी वॉलमार्टच्या दुकानासमोरच्या अवाढव्य पार्किंगमध्ये गाडी लावतात. सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये अर्कान्सासमध्ये सुरू केलेल्या या दुकानांच्या साखळीने अशा मुक्कामाकडे कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. वीज-पाणी देत नाही, पण जागा असेल तिथे थांबू देतो, असं कंपनी उघडपणे सांगते. शेवटचा शब्द त्या दुकानाच्या मॅनेजरचा आणि त्या गावाच्या नियमांचा असतो. काही नगरपालिकांनी असा मुक्काम बंद केला आहे. रँड मॅकनॅली या नकाशे छापणाऱ्या जुन्या कंपनीने तर वॉलमार्टची दुकानं दाखवणारा रस्त्यांचा नकाशासंग्रहच काढला होता.

वॉलमार्टचा हिशेब ढाबेवाल्याहून निराळा नाही. रात्री रिकामं पडलेलं पार्किंग कुणी वापरलं तर खर्च शून्य, आणि सकाळी तोच माणूस दूध, अंडी, टॉर्चचे सेल आणि एखादी खुर्चीही घेऊन जातो. प्रवाशांनीही आपापसात शिस्त ठरवून घेतली आहे. आधी मॅनेजरला विचारायचं, कडेच्या रांगेत गाडी लावायची, बाहेर खुर्च्या मांडायच्या नाहीत, चूल पेटवायची नाही, एका रात्रीहून जास्त राहायचं नाही आणि निघताना दुकानात काहीतरी घ्यायचं.

भंडारा जिल्ह्यात वॉलमार्ट नाही. पण रात्री गाडीतच झोपणाऱ्यांची संख्या इथे मोजली तर ती कुठल्याही वॉलमार्टच्या पार्किंगला भारी पडेल. कारण हा रस्ता. सुरतजवळच्या हाजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जाणारा महामार्ग ५३ म्हणजे जुना सहा नंबर, अजूनही अनेकांच्या तोंडी 'कलकत्ता रोड'. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करत तो भंडाऱ्यात येतो, वैनगंगा ओलांडतो आणि लाखनी, साकोलीवरून पुढे देवरीमार्गे छत्तीसगडात उतरतो. रायपूर-भिलाईकडचं लोखंड आणि सिमेंट पश्चिमेला जातं, नाशिककडचा कांदा आणि गुजरातची रसायनं पूर्वेला. नागपूर भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटर, रायपूर सव्वादोनशेच्या आसपास. संध्याकाळी रायपूर सोडलेल्या गाडीला झोप येते ती नेमकी साकोली-लाखनीच्या टप्प्यात. शिवाय मोठ्या शहरांत दिवसा जड वाहनांना शिरू देत नाहीत, त्यामुळे पुढची वेळ साधण्यासाठीही कुठेतरी थांबावंच लागतं. याच रस्त्यावर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. ट्रकचे भाग घडवणारा जिल्हा रात्री ट्रकवाल्यांना झोपवतो, हा योगायोग गमतीचा आहे.

ड्रायव्हरने किती तास चालवावं याबद्दल कायदा गप्प नव्हता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी परवानगीने फार तर दहा. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये किमान नऊ तासांची मोकळीक. आता हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रक एक-दोन गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे. म्हणजे ज्यांना नऊ तासांच्या झोपेची सर्वाधिक गरज, तेच कागदाबाहेर राहिले. आणि समजा एखाद्याने नियम पाळायचा ठरवला, तरी झोपायचं कुठे, हे त्या कायद्यात नव्हतंच.

ते आहे दुसऱ्या कायद्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ११७ वं कलम सांगतं की, वाहनं कुठे उभी करता येतील त्या जागा राज्य सरकारने स्थानिक संस्थेशी बोलून ठरवाव्यात. २०१९ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणालाही तो अधिकार मिळाला. सार्वजनिक जागी दहा तास बेवारस सोडलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी पोलिसांनी उचलून न्यावी, हे पुढचं १२७ वं कलम. गाडी उचलण्याचं कलम रोज कुठे ना कुठे वापरलं जातं. जागा ठरवण्याच्या कलमाला तेवढी हौस कुणी दाखवत नाही. मधली पोकळी भरून काढतो तो ढाब्याचा मालक.

आणि मुक्कामाच्या जागेचा असा सौदा काही ट्रकबरोबर आलेला नाही. विदर्भात दरवर्षी कच्छकडचे रबारी मेंढपाळ उंटांवर बिऱ्हाड लादून येतात. पीक निघालं की शेतकरी त्यांना आपल्या शेतात रात्रीपुरत्या मेंढ्या बसवायला सांगतो. सकाळी कळप निघून जातो आणि लेंडीखत मागे उरतं. त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. इथे उलट जागेचा मालकच पाहुण्याला मोल देतो, कारण पाहुणा मागे जे टाकून जातो त्याची किंमत त्याला ठाऊक असते. ढाबेवाल्याला ट्रकवाला जसा, तसा शेतकऱ्याला कळप.

बैलबंडीचाही मुक्काम असाच होता. तुमसर तालुक्यातल्या गायमुखला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. आता लोक जीपने आणि दुचाकीने जातात, पण घरोघरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत अजून बंड्यांची रांग असते. बैल सोडून जुवाला बांधायचे, बंडीत तणस अंथरायची, लेकरं वर आणि मोठी माणसं खाली, दोन चाकांच्या मध्ये. ज्याच्या शेतात बंडी सोडली त्याला तक्रार नसे. बैलांचं शेण त्याच्याच रानात पडायचं. हिशेब पुन्हा तोच.

पण गाडीत रात्र काढण्याचा खरा मराठी प्रकार म्हणजे एसटीची मुक्कामी गाडी. महामंडळाच्या भाषेत 'हॉल्टिंग'. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे खेड्यापाड्यांत ती पोचली तेव्हा एक अडचण उभी राहिली. गावातली पोरं सकाळच्या शाळा-कॉलेजला पोचायची असतील तर गाडी पहाटे गावातच हवी. डेपोतून पहाटे रिकामी पाठवणं परवडत नाही. मग शेवटची फेरी रात्री गावात जाईल, तिथेच थांबेल आणि तीच गाडी सकाळची पहिली फेरी म्हणून परत येईल, अशी व्यवस्था बसली. भंडारा विभागातल्या भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या आगारांतून अशा गाड्या सुटत आल्या आहेत.

मुक्कामी गाडी गावात शिरली की ती ग्रामपंचायतीसमोर किंवा देवळापुढच्या चौकात उभी राहते. शेवटचे चार-दोन प्रवासी उतरतात, कंडक्टर तिकिटांचा हिशेब जुळवतो आणि पैशांची पिशवी उशाखाली जाते. रात्रभर तिची जबाबदारी त्याची असते, त्यामुळे गाढ झोप त्याच्या नशिबी नसते. ड्रायव्हर मागच्या लांब बाकावर आडवा होतो, कंडक्टर मधल्या दोन बाकांवर किंवा दोन रांगांमधल्या वाटेत सतरंजी टाकतो. थंडीत पत्र्याचं अंग असं गार पडतं की अंगावरचं पांघरूण पुरत नाही. खिडक्यांच्या काचा खडखडतात आणि फटींतून वारा येतो. उन्हाळ्यात तोच पत्रा मध्यरात्रीपर्यंत तापलेला. पावसाळ्यात डास. या सगळ्यात गावाचं देणं काय? पूर्वी बऱ्याच गावांत चालक-वाहकांना एखाद्या घरून भाकरी-भाजी यायची, कुठे समाजमंदिराची किल्ली मिळायची, सकाळी गरम पाण्याची बादली ठेवली जायची. गावकऱ्यांनी सोय करावी ही अपेक्षा असायची आणि ती धड पाळली गेली नाही की मुक्काम शेजारच्या गावाला हलवण्याची बोलणी सुरू व्हायची. त्यासाठी गावागावांत रुसवेफुगवे झालेले आहेत. इथला सौदा जेवणाच्या बिलाचा नव्हता. गाडीला रात्री आसरा द्या, सकाळी ती तुमच्या लेकरांना शाळेत नेईल, एवढाच तो होता.

करोना आणि एसटी कर्मचाऱ्यांचा २०२१-२२ चा लांबलेला संप यांत राज्यभर अनेक मुक्कामी फेऱ्या बंद पडल्या. काही परत सुरू झाल्या, काही झाल्याच नाहीत. जिथे झाल्या नाहीत तिथल्या मुलींच्या अकरावी-बारावीवर त्याचा परिणाम झाला, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. त्या गावच्या फाट्यावर सकाळी सातला जाऊन उभं राहिलं तरी पुरे.

महामार्गावर मात्र प्रश्न सोयीपुरता उरत नाही, तो जिवाचा होतो. ढाबा गच्च भरला किंवा डोळे आधीच मिटायला लागले, तर ड्रायव्हर गाडी रस्त्याच्या कडेला घेतो. मागचे दिवे बंद, परावर्तक पट्ट्या धुळीने माखलेल्या, आणि मागून ऐंशीच्या वेगाने येणारी दुसरी गाडी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अपघात अहवालात उभ्या वाहनावर आदळून झालेल्या अपघातांची वेगळी ओळ असते. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात त्या ओळीचाही वाटा आहे. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला राजस्थानात फलोदीजवळ भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर रस्त्यालगत उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळली आणि किमान पंधरा जणांचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि महामार्गालगतच्या ढाब्यांबद्दलच माहिती मागवली.

ढाबे हटवले की अपघात थांबतील, असा समज यातून होऊ नये. रस्त्याला खेटून, स्वतःचं पटांगण नसलेला ढाबा धोकादायक आहे, यात वाद नाही. त्याच्यासमोर गाड्या रस्त्यावरच उभ्या राहतात. पण ज्याच्या मागे एकरभर मोकळी जागा आहे आणि आत-बाहेर जायला वेगळी वाट आहे, तो ढाबा अपघात टाळतो. दोघांना एकाच नोटिशीत बसवलं तर झोपलेले ट्रक पुन्हा रस्त्याच्या कडेला येतील.

अमेरिकेने हा धडा एका माणसाच्या मृत्यूनंतर घेतला. जेसन रिव्हनबर्ग हा न्यूयॉर्क राज्यातला ट्रकचालक मार्च २००९ मध्ये दूध घेऊन निघाला होता. माल उतरवायच्या वेळेआधी पोचला, थांबायला सुरक्षित जागा सापडली नाही, म्हणून दक्षिण कॅरोलिनात एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात त्याने गाडी लावली. तिथे त्याला गोळी घालून लुटण्यात आलं. मारेकऱ्याच्या हाती लागले सात डॉलर. जेसनची पत्नी होप तेव्हा गरोदर होती. ट्रकसाठी सुरक्षित पार्किंग हवं म्हणून तिने लढा दिला आणि २०१२ मध्ये अमेरिकी संसदेने संमत केलेल्या रस्ते कायद्यात त्यासाठी तरतूद झाली. ती 'जेसन्स लॉ' म्हणूनच ओळखली जाते. तरीही तिथल्या ट्रकवाल्यांची आजची मोठी तक्रार पार्किंग मिळत नाही हीच आहे. तिथे अकरा तास गाडी चालवल्यावर दहा तास थांबणं सक्तीचं आहे आणि ते तास यंत्र मोजतं. घड्याळ संपलं आणि जागा नसली की माणूस अडकतोच.

आपल्याकडे सरकारला या झोपेची आठवण अलीकडे झाली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिगृहं बांधण्याची घोषणा केली. तेल कंपन्यांच्या पंपांवर 'अपना घर' नावाची निवासं सुरू झाली आहेत. तिथे खाटा, स्वच्छतागृह, आंघोळीचा हौद, पिण्याचं पाणी आणि स्वतः स्वयंपाक करण्याची जागा असते. डिसेंबर २०२४ पर्यंत अशी ३६८ ठिकाणं आणि ४,६११ खाटा झाल्या होत्या. म्हणजे एका ठिकाणी बारा-तेरा. एका बऱ्यापैकी ढाब्याच्या पटांगणात एका रात्री याहून जास्त ट्रक असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक झाली, हेही पाऊल चांगलं आहे. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो तेव्हा इंजिनच्या डोक्यावर बसलेल्या माणसाला ते कळेल. पण वातानुकूलन इंजिनवर चालतं आणि ते रात्रभर चालू ठेवलं तर डिझेल जळतं. त्यामुळे रात्रीची झोप अजून तरी खाटेवरच.

नवा रस्ता बांधतानाही हीच गोष्ट उशिरा सुचते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा खुला झाला तेव्हा वाटेत पंप, उपाहारगृह, थांबे यांची वानवा होती आणि चालकांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती. आता समृद्धी पुढे भंडारा-गोंदियाकडे नेण्याचं ठरलं आहे. जमीन घेतानाच ट्रकच्या तळांसाठी जागा धरली, तर ती स्वस्तात मिळते. नंतर घ्यायची म्हटलं की तीच जमीन सोन्याच्या भावाने विकत घ्यावी लागते आणि मग घेतलीच जात नाही.

आता ढाब्यांच्या पटांगणात नवे पाहुणे येऊ लागले आहेत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरची घरं भाड्याने देणं आणि ती उभी करायला कॅरॅव्हॅन पार्क उभारणं, अशा दोन्ही गोष्टींना त्यात उत्तेजन आहे. त्याच वर्षी केरळनेही अशीच योजना काढली. कॅरॅव्हॅन महाग, पण मोठ्या गाडीचं मागचं बाक पाडून गादी टाकणारी तरुण मंडळी सगळीकडे दिसतात. नागपूरहून रात्रीच निघून पिटेझरीच्या प्रवेशद्वारातून पहाटेच्या सफारीला नागझिऱ्यात शिरायचं, किंवा पवनीकडून उमरेड-करांडल्याच्या जंगलात जायचं, आणि मधले दोन-चार तास कुठेतरी गाडीतच डुलकी काढायची, हा बेत आता नवा राहिलेला नाही. जंगलाच्या हद्दीत रात्री थांबता येत नाही. मग उरतो पंप किंवा ढाबा.

या मंडळींनी एक गोष्ट मात्र स्वतःच जपायची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा गावाजवळ रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. तपासात निघालं की, वातानुकूलनासाठी चालवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू फटीतून आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच संपतो. बंद काचांमध्ये इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपणं म्हणजे स्वतःच्या हाताने धूर घरात घेणं. ट्रकवाला उघड्यावर खाट टाकून झोपतो त्यात गरिबी आहे, पण हा धोका नाही.

थांबायच्या जागेच्या प्रश्नावर जपानने थोडा वेगळा तोडगा काढला. १९९३ पासून तिथे सरकार आणि स्थानिक संस्था मिळून रस्त्यालगत 'मिचि-नो-एकी' म्हणजे रस्त्यावरची स्थानकं उभारतात. चोवीस तास पार्किंग आणि स्वच्छतागृह फुकट, आणि शेजारी त्या भागातल्या शेतमालाची दुकानं. आता अशी बाराशेहून अधिक आहेत. दमलेल्या चालकाने गाडीत डुलकी घेतली तर हरकत नाही, पण तिथे मुक्काम ठोकू नये, असं तिथलं संबंधित सरकारी खातं बजावतं. डुलकी कुठे संपते आणि मुक्काम कुठे सुरू होतो, यावर जपानी माणसंही वाद घालत असतात. तरी कल्पना भंडाऱ्याला शोभणारी आहे. साकोलीच्या आसपास अशी एक जागा झाली तर इथला तांदूळ, तलावांतली मासळी, भंडाऱ्याची पितळी भांडी थेट प्रवाशाच्या गाडीत जातील. ढाबेवाल्याने वर्षानुवर्षं एकट्याने चालवलेला सौदा गावाला मिळेल.

तोवर गाडीत रात्र काढायचीच वेळ आली तर महामार्गाच्या कडेला, वळणावर, पुलाजवळ थांबू नये. उजेड असलेला पंप किंवा पटांगण असलेला ढाबा गाठावा, तिथल्या माणसाला विचारावं आणि त्याच्याकडचं डिझेल किंवा निदान चहा तरी घ्यावा. गाडी बाहेरच्या दिशेला तोंड करून लावावी, इंजिन बंद ठेवावं, काच बोटभर उघडी राहू द्यावी, निघताना कचरा सोबत न्यावा. आणि डोळे मिटण्याआधी जवळचा किलोमीटरचा दगड वाचून ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि फोन उचलणारा माणूस आधी तोच आकडा विचारतो.